शेवंती लिंबाखाली उभी ऱ्हायली

त्या दिवशी सोनई गावातल्या लग्नात लिंबापाशी कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनाया नको की म्हातारी मनचंच सांगती. एक मी. माझा दीर भानुदास. नवरदेवाची आई कुसुमताई. नवरदेवाची आत्या हौसाबाई, आन तिच्यासंगं ताट घेऊन आलेल्या चार सवाष्णी. दुसऱ्या घोडीचा मालक बाळू. माझी घोडी शेवंती. आन चाचा. चाचाला नाव हुतं, आधार कार्डावर छापलेलं बी हुतं, पर त्या नावानं हाक मारली तर त्यो वळून बगायचा न्हाई. म्हनून मी बी हितं चाचाच म्हनते.

मला लिवता येत न्हाई म्हंजी सही येती, बाकी न्हाई. मी बोलतीया आन लेक लिहून घेतीया. मला तेवढी एकच लेक.

नागापूरच्या एमआयडीसीकडं जाताना रस्त्याच्या आत चाचाचं आवार हुतं. चार पत्र्याच्या खोल्या, मदी मोठा लिंब, मागं घोड्याचा गोठा. आमी तिथं भाड्यानं ऱ्हायचो. आधी कवातरी चाचा टेसनापासनं बाजारापतूर टांगा हाकायचा. मंग रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडा म्हातारा होऊन गेला. चाचा तेवढा ऱ्हायला. त्याच्याकडं आता घोडं न्हवतं, पर लोकं आपली घोडी त्याच्याकडं आनायची. कशाला? तर बांधून उभं ऱ्हायला शिकवाया.

तुमी म्हनाल, घोड्याला बांधलं की ते उभं ऱ्हातंच की, त्यात शिकवायचं काय? मी बी तसंच म्हनायची.

चाचाच्या दाराला कुलूप न्हवतं. कडीला सुताची दोरी आन तिला सुरगाठ. सुरगाठ म्हंजी कशी, कितीबी ताण बसू द्या, मोकळं टोक वढलं की भसकन सुटती. निरगाठ तशी न्हाई, ती वढलं की आवळत जाती. चाचा समद्याला सुरगाठ मारायचा. सायकल लिंबाला सुरगाठीनं, चष्मा गळ्यात सुरगाठीनं, किटलीचं झाकन बी. एकदा मी म्हनलं, "चाचा, चोर आला तर?"

"चोराला गाठ सोडता आली तर चोर कामाचा हाय, पोरी. त्याला ठिवून घेऊ गोठ्यात."

मानसाला त्यो अरे-तुरे करायचा, लहानमोठं बगायचा न्हाई. घोड्याला मातुर तुमी-आमी. एकदा मतं मागाया नगरसेवक आला, पांढरी कापडं, मागं पाच-सात मानसं. चाचा एका घोडीचे पाय बगत बसलाता. वर न बगताच म्हनला, "ए, बाजूला सरक. बाईसाहेबांच्या अंगावर सावली पडतीया, सकाळचं ऊन लागू दे त्यान्ला." नगरसेवक सरकला बी.

आन कुनी घाई केली की त्याचं एकच. "घाई हाय व्हय? मंग वरातीला रिक्षा सांग."

आता माझं सांगते. आमचे मालक, लेकीचे वडील, वरातीला घोडी द्यायचे. शेवंती पांढरीशुभ्र, दिसाया देखनी, नवरदेवाला पाठीवर घेऊन मुंगीच्या पावलानं चालनारी. पर एक खोड. बांधली की थोडा येळ उभी ऱ्हायची, आन मंग तिला आठवायचं की आपल्याला बांधलंय. आठवलं की झालं. मान वर टाकायची, ढुंगणावर बसायची आन समदं अंग मागं टाकून वढायची. तोंडावरची दोरीची मोरखी तुटंपतूर, न्हाईतर खुंटा उपटंपतूर. एकदा गल्लीच्या नळाला बांधली तर नळच उपटून घेऊन गेली. दोन दिवस कुनाच्या घरी पानी न्हाई. बायकांनी मला काय काय ऐकीवलं ते लेकीला लिवता येनार न्हाई.

मालकान्ला दोरी हाताला गुंडाळायची सवय. एके दिवशी खुंट्याला निरगाठ मारीत हुते, दोरीचा येढा बोटावर हुता, आन मागं कुनाचातरी सायलेन्सर फाटकन वाजला. शेवंतीनं वढलं. मालकांची दोन बोटं गेली. त्यातनं ते बरे झाले, पर पुढच्या साली छातीत कळ आली आन गेले. मी रडले का, तर रडले. मंग उठून घोडीला पानी दावलं. तिला कोन दावनार?

आता अडचन काय झाली ते नीट ऐका. आमच्याकडं नवरदेवाच्या घोडीपाशी कपाळ उघडं असलेली बाई उभी ऱ्हात न्हाई. कुनी हाकलत न्हाई, "मावशी, जरा तिकडं सावलीला बसा" म्हनत्यात, आन आपन समजायचं. म्हंजी मी घोडी न्यायची, बांधायची आन लांब जायचं. वरातीत दीर धरनार. पर वरात निघंपतूर घोडीनं एकटीनं उभं ऱ्हायला पायजे, आन शेवंती तर एकटी उभी ऱ्हात न्हाई. भानुदास तिला भ्यायचा. भावाची बोटं त्यानंच पोत्यात गुंडाळून दवाखान्यात नेली हुती, त्याला काय बोलायचं?

त्यो म्हनला, "वैनी, ह्या लग्नसराईत ती बांधून उभी ऱ्हायली तर ठिवा. न्हाईतर मी गिऱ्हाईक बगितलंय, देऊन टाकू. उद्या कुनाचं पोरगं तुडवलं तर आपल्याला गाव सोडावं लागंल."

त्याचं खोटं न्हवतं. पर शेवंती गेली म्हंजी माझं काय ऱ्हानार? मी चाचाकडं गेले.

चाचा म्हनला, "शिकवतो. पर आधी तुला बांधनार."

मला वाटलं मस्करी करतोय. त्यानं खरंच दोरी आनली, माझ्या कमरंला बांधली आन दुसरं टोक लिंबाच्या पार बुडाला, मुळापाशी. दोरी लांबसडक. म्हनला, "उभी ऱ्हा," आन गेला चहा टाकाया. भर दुपार. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एक म्हनली, "काय गं, पळून चाल्लीवतीस का, बांधली ती?" दुसरी म्हनली, "भाडं थकलं असंल." तेवढ्यात चाचानं मागनं पत्र्यावर काठी हानली. मी दचकून मागं सरले, पाय दोरीत गुतला, आन आपटले की मातीत. बायका फिदीफिदी हसाया लागल्या.

चाचानं हात धरून उठीवलं. आता त्यानं लिंबाला खांद्याच्या वर ट्रॅक्टरच्या टायरमधल्या ट्यूबचं कडं अडकावलं, आन त्या कड्याला माझी दोरी बांधली, हातभर आखूड. परत पत्रा हानला. मी मागं सरले. पर ट्यूब ताणली, मला थोडं जाऊ दिलं, आन हळूच परत आनून सोडलं. पडले न्हाई.

"काय फरक वाटला?"

"मघा वाटलं कुनीतरी मला धरून पाडतंय. आता वाटलं, कुनी पदर धरलाय."

"झालं. निम्मं शिकलीस."

पुढं कितीतरी जनांला त्यानं असंच बांधलं. ह्यो बाळू, गॉगल लावून फिरनारा, त्याला बी बांधला, पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढीत हुती आन त्यो चाचाला म्हनत हुता, "चाचा, गॉगल तरी काढू द्या की." चाचा म्हनला, "घोडीचे डोळे झाकून मिरीवतोस तवा काढतोस व्हय?" पर ते नंतरचं. बाळू आधी चाचाकडं येत न्हवता, ते पुढं येतंच.

शेवंतीला मातुर पयले कितीतरी दिस बांधलंच न्हाई. दोरी माझ्या हातात, गुंडाळायची न्हाई, नुसती घडी करून धरायची. थोडीशी वढ द्यायची आन थांबायचं. तिनं येवढीशी मान माझ्याकडं दिली, की दोरी ढिली. लगीच. चाचा खाटेवर बसून वरडायचा, "सोड! आता सोड! उशीर केलास, ती समजली आपन चुकलो." मी चिडून म्हनायची, "आन तिनं नाय दिली मान तर?" "तर थांब. तुला कुठं जायचंय? घरी कोन वाट बगतंय?" लेक दिवसभर कॉलेजात, घरी कुनी बगत न्हवतं. मी थांबायची. हात भरून यायचे. पर एके दिवशी मी दोरीला नुसतं बोट लावलं आन शेवंती पाऊल टाकून पुढं आली. मला येड्यासारखं हसू आलं.

मंग दोरी लिंबाला वर ठोकलेल्या लोखंडी कडीतनं नुसती ववायची, गाठ न्हाई, टोक माझ्या हातात. तिनं मागं वढलं की दोरी सरसर सरकायची. वढाया काय सापडतच न्हवतं तिला. वढून वढून ती थांबायची आन वळून बगायची, ह्यान्ला झालंय तरी काय. त्याच्या म्होरं ट्यूबचं कडं. आन कायम मोरखीला बांधायचं, लगामाला कवाच न्हाई. लगाम तोंडात असतो, वढलं की जीभ फाटती.

मदी एकदा भानुदास ड्यूटीवरनं आला. त्याला वाटलं मदत करावी. शेवंतीच्या तोंडात लगाम हुता, त्यानं त्यालाच धरून गोठ्याच्या खुंट्याला निरगाठ मारली. घोडीनं वढलं. लगाम तुटला, तिच्या तोंडातनं रगत आलं. चाचानं आधी घोडीचं तोंड धुतलं. त्या दिवशी भानुदासला चहा दिला न्हाई येवढंच. भानुदास म्हनला, "वैनी, मी म्हनलं हुतं ना, ती सुधरनार न्हाई." चाचानं मला हातानं इशारा केला, उठ. म्हनला, "पयल्यापासनं." मी म्हनलं, "समदं?" "समदं."

परत पयल्यापासनं.

शेवटी आवाज. चाचा लेकीचा मोबाईल घेऊन घंगाळात ठिवायचा आन त्यावर डीजेची गानी लावायचा. घंगाळ असं गरजायचं की मांजरं पळायची. शेवंती ट्यूबला बांधलेली, आन तिच्याम्होरं चाचा पंचा फिरवीत वरातीत नाचत्यात तसं नाचायचा. तोंडात एकच दात, त्यो बी हलनारा. सुरवातीला शेवंती घाबरली. ट्यूब ताणायची, परत यायची. मंग नुसते कान हलवायची. आन मंग तर त्याच्याकडं बगून जांभई द्यायची. चाचाला लई राग यायचा. "बाईसाहेब, मी येवढा नाचतोय आन तुमी जांभई देता?"

कवा छत्री उघडायचा, कवा प्लास्टिकची पोती अंगावरनं वढायचा. माझी वाकळ घेऊन तिच्या डोक्यासकट अंगावर टाकायचा आन खालनं गोड बोलायचा, "काय न्हाई, काय न्हाई, अंधार पडलाय, उभ्या ऱ्हा." मी म्हनलं, "चाचा, वरातीत कोन वाकळ टाकनार हाय?" त्यो म्हनला, "मला काय ठावं? लग्नात काय काय करत्यात लोकं."

सोनईचं लगीन आलं. चुलतभाऊ, दोन नवरदेव, एकाच मांडवात. एक घोडी बाळूची, एक माझी, कुसुमताईच्या पोरासाठी. टेम्पोत शेवंतीसंगं मी आन चाचा, म्होरं भानुदास. भानुदास उतरता उतरता म्हनला, "वैनी, गिऱ्हाईक संध्याकाळी फोन करनार हाय. आज काय ते ठरंल." मी व्हय म्हनलं.

फोटोवाल्याला दोन्ही घोड्या मांडवाच्या कमानीला पायजे हुत्या. चाचानं कमानीचा खांब हातानं हलीवला, तर समदा मांडव हलला. म्हनला, "ह्यो खांब माझ्या दातावानी हाय. मी बांधनार न्हाई." त्यानं मांडवाला लागून असलेल्या लिंबाला कडं अडकावलं. मी शेवंतीला सुरगाठीनं बांधली. बाळू गॉगल सरकवीत हसला, "चाचा, फोटोत झाडच येनार तुमचं. झाडालाच नवरदेव करा." आन त्यानं आपली घोडी खांबाला बांधली, लगामाच्या रेशमी दोरीनं.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या हौसाबाई आली, हातात ताट. मला वरनं खालपतूर बगितलं. "बाई, आता पूजा हाय घोडीची. तुमी जरा टेम्पोकडं बसा. वाईट वाटून घेऊ नका हां." मी म्हनलं, "न्हाई वाटत." गेले टेम्पोपाशी. भानुदासनं घोडीपाशी थांबायचं हुतं, पर त्यो बी माझ्यामागं आला. म्हनला, फोन आलाय. फोन बिन काय न्हवता.

म्हंजी शेवंती एकटी. ह्येच तर बगायचं हुतं.

हौसाबाई आन त्या चार सवाष्णी तिच्याभवती उभ्या ऱ्हायल्या. कपाळाला कुंकू लावलं, भिजलेली हरभऱ्याची डाळ चारली. शेवंती मान खाली घालून खात हुती. मला लांबनं तिचे कान दिसत हुते. आन नवरदेवाच्या कुन्या मित्रानं मांडवाच्या मागं फटाक्याची लड लावली.

बाळूची घोडी मागच्या पायावर उभी ऱ्हायली. एकदा वढलं, दुसऱ्यांदा वढलं, आन खांब निघाला. कमान वाकली, आन मांडवाचा समदा कडंचा कपडा वाऱ्यावर फुगून खाली आला. लिंबाच्या बुडावर, शेवंतीवर, त्या पाची बायांवर. बाळूची घोडी लगाम तोडून जी उधळली ती उसात शिरली. लड आजून तडतडत हुतीच. कुसुमताई वरडली, "अगं बाई, खाली घोडी हाय! खाली घोडी हाय गं!" मानसं धावली आन कपड्याच्या कडंला येऊन थांबली. आत कोन शिरनार? घोडी आत नाचाया लागली तर पाची बाया चेंदामेंदा.

कपडा हलत न्हवता.

मी पळाले. ह्या वयात पळाले. कपडा उचलून आत शिरले. आत लाल उजेड, धुराचा वास. शेवंती उभी. अंग थरथरत हुतं, नाकपुड्या फुगल्याल्या, पर चारी पाय जाग्यावर. माझ्या डोळ्यादेखत तिनं एकदा मागं रेटलं, ट्यूब ताणली, आन ती आपनहून पाऊल पुढं आली. मान खाली घातली. वाकळंखाली घालायची तशी.

आन तिच्या म्होरल्या पायापाशी हौसाबाई बसलेली. एका हातात ताट तसंच, दुसऱ्या हातानं घोडीचा पाय गच्च धरलाय, खांब धरावा तसा. मला बगून म्हनली, "बाई, आलात का? मला सोडून जाऊ नका हां."

मी म्हनलं, "आत्याबाई, आधी घोडीचा पाय सोडा. तिला अवघडलंय."

एकेक करून चौघी सवाष्णी भाईर काडल्या. शेवटी हौसाबाई. कुनाला खरचटलं बी न्हवतं. मंग मी सुरगाठीचं टोक वढलं, एकाच हिसड्यात दोरी सुटली, आन शेवंतीला घेऊन कपड्याभाईर उजेडात आले.

मंग कुनीतरी शिट्टी मारली आन टाळ्या सुरू झाल्या. बँडवाल्यानं उगीच ढोल बडीवला. शेवंतीनं नुसता कान हलीवला.

चाचा कुठं हुता? पंगतीत. पत्रावळीवर जिलबी, मठ्ठ्याचा गिलास. येवढा मांडव पडला तरी उठला न्हाई. एकजन धावत गेला, "चाचा, बगितलं का? घोडी हालली न्हाई!"

चाचा म्हनला, "त्यात काय बगायचं? उभी ऱ्हानारच हुती. मठ्ठा आन."

कुसुमताई माझ्याकडं आली. हात हातात घेतला. म्हनली, "वरात आता निघू द्या. आन घोडी ह्या बाई धरतील." मागनं कुनीतरी म्हातारं कुजबुजलं, की आवो, शुभकार्यात त्या कशा... तशी हौसाबाई गरकन वळली. पदरावर डाळ सांडलेली, केस सुटलेले. "कोन बोललं ते? मी हुते खाली. तुमी हुता का खाली? ज्याला बोलायचंय त्यानं त्या कपड्याखाली जाऊन बोलावं."

मी दोरी धरली. कुसुमताईचा पोरगा चढला, दुसरा नवरदेव जीपमदी बसला. सोनईच्या पेठंतनं वरात निघाली, म्होरं बँड, मागं डीजेचा टेम्पो, मदी शेवंती आन तिच्या तोंडाशी मी, पांढऱ्या कपाळाची. गच्चीवरनं बाया वाकून बगत हुत्या. मी मान खाली घातली न्हाई. बाळू उसातनं घोडी घेऊन आला तवा त्याचा गॉगल गेला हुता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हनला, "मावशी, चाचाला इचारा ना, माझी घोडी शिकवाया घिल का?"

भानुदास माझ्यामागं छत्री धरून चालत हुता. देवळापाशी त्याचा फोन वाजला. त्यानं कानाला लावला, माझ्याकडं बगितलं, आन म्हनला, "न्हाई ओ, घोडी इकायची न्हाई. व्हय, कायमची न्हाई."

चाचाला जाऊन आता बरेच दिस झाले. आवार आमीच राखतो. तिथं आता शेवंतीसंगं तिच्या पोटची, मोठी झाल्याली घोडी हाय, आन लांबलांबनं लोकं आपली घोडी आनत्यात. कपाळ उघडं असलेली मी दर लग्नसराईत घोडी धरून वरातीत चालते. कुनी टेम्पोकडं बसा म्हनत न्हाई. कुनी म्हनलंच तर मी म्हनते, बरं, मंग घोडी बी टेम्पोकडं बसंल.

वाचनाऱ्यांनो, तुमच्या घरी लगीन निघंल, दारात घोडी येईल. ती आली की आधी तिला बादलीभर पानी दावा. आन फटाके लावायचेच असत्याल तर ती गेल्यावर लावा. येवढं करा.